टर्बो नसलेल्या इंजिनाला इंटरकूलर बसवून काय साधते?

टर्बो म्हणजे हवा दाबून इंजिनात ढकलणारे यंत्र, आणि इंटरकूलर म्हणजे इंजिनाकडे जाणारी हवा बाहेरच्या हवेने थंड करणारी, रेडिएटरसारखी जाळी. गाडीची ताकद वाढवण्याच्या उपायांमध्ये या इंटरकूलरबद्दल एक दावा बरीच वर्षे हातोहात फिरतो आहे. तो साधारणपणे असा मांडला जातो : "इंटरकूलर फक्त टर्बोच्या गाडीलाच लागतो, हा गैरसमज आहे. थंड हवा अधिक दाट असते आणि दाट हवेत ऑक्सिजन अधिक असतो. म्हणून कुठल्याही इंजिनाच्या हवेच्या मार्गात इंटरकूलर बसवला की ताकद वाढते, मायलेज सुधारते आणि नॉकिंग (इंधनाचे मिश्रण अवेळी स्वतःहून पेटून होणारी ठोठो) कमी होते. बॉनेटखाली हवा तापतेच, सिलिंडरमध्येही ती दाबली जातेच. मग ती थंड करून घ्यायला काय हरकत आहे? कंपन्या केवळ खर्च वाचवण्यासाठी तो देत नाहीत." सोबत बहुधा डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, काढलेला एखादा आलेख असतो, आणि 'बसवल्यापासून गाडी मोकळी पळते' असा अनुभवही असतो.

या दाव्याला नुसते 'चूक' म्हणून बाजूला सारणे मला योग्य वाटत नाही. त्यातली निम्मी विधाने खरी आहेत आणि त्या खऱ्या विधानांच्या भरवशावरच लोक उत्तम चालणाऱ्या गाडीचा बंपर कापतात, मूळचा एअर फिल्टरचा डबा काढून टाकतात आणि चार-पाच नवे जोड असलेली लांबलचक नळी इंजिनाला जोडतात. त्यामुळे कुठले विधान कुठपर्यंत खरे आहे आणि नेमके कुठे घसरते, हे एकेक मुद्दा घेऊन पाहायला हवे. ज्या इंजिनात टर्बोचार्जर नाही आणि सुपरचार्जरही (इंजिनाच्याच ताकदीवर फिरून हवा दाबणारे यंत्रही) नाही, म्हणजे जे केवळ पिस्टनच्या खाली जाण्याने बाहेरची हवा ओढून घेते, त्याला या लेखात सोयीसाठी 'बिनटर्बो इंजिन' म्हटले आहे.

थंड हवा दाट असते, हे पहिले विधान निर्विवाद आहे. दाब तोच असेल तर हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ३० अंश सेल्सिअस म्हणजे ३०३ केल्विन. तेव्हा हवा १० अंशांनी थंड झाली की घनता साधारण साडेतीन टक्क्यांनी वाढते. मात्र ताकदही तितक्याच टक्क्यांनी वाढते, हा पुढचा निष्कर्ष बरोबर नाही. हवा जितकी थंड आत येते तितकी ती इन्टेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या नळ्यांच्या, गरम भिंतींकडून आणि व्हॉल्व्हकडून अधिक उष्णता उचलते, त्यामुळे बाहेर मिळवलेल्या थंडाव्याचा काही भाग सिलिंडरपर्यंत पोहोचेतोवर हरवतो. इंजिनाची ताकद अधिकृतपणे मोजताना दिवसागणिक बदलणाऱ्या हवामानाची दुरुस्ती करावी लागते. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ८५ क्रमांकाच्या नियमावलीत जे सूत्र आहे, त्यात पेट्रोल इंजिनासाठी तापमानाचा घातांक ०.६ आणि दाबाचा घातांक १.२ आहे. सोप्या भाषेत, निरपेक्ष तापमान एक टक्क्याने उतरले तर ताकद सुमारे ०.६ टक्के वाढते, पण दाब एक टक्क्याने घटला तर ती सुमारे १.२ टक्के घटते. दाबाचे वजन तापमानाच्या दुप्पट आहे. हे प्रमाण लक्षात ठेवावे, कारण सगळा वाद अखेर त्याच्यापाशीच येतो.

आता दाव्याचा कणा : इंटरकूलर हवा थंड करतो. कुठली हवा, आणि कशापेक्षा थंड?

सायकलच्या पंपाने चाकात हवा भरताना पंपाची नळी हाताला गरम लागते, कारण हवा वेगाने दाबली की तिचे तापमान चढते. टर्बोत नेमके हेच घडते, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. बाहेरची हवा ३० अंशांची आहे, टर्बो तिचा दाब दुप्पट करतो आणि त्याच्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के आहे, असे धरले तर त्यातून बाहेर पडणारी हवा सुमारे १२५ अंशांची असते. दाब दुप्पट झाला तरी हवा इतकी तापल्यामुळे घनता जेमतेम दीडपटच होते. इंटरकूलरचे काम इथे सुरू होते. आत येणारी गरम हवा आणि बाहेरून पातळ पात्यांवरून वाहणारी हवा यांच्या तापमानात जो फरक असतो, त्यातील समजा ७० टक्के तो काढून घेतो. मग १२५ अंशांची हवा ५९ अंशांच्या आसपास येते आणि स्वतः इंटरकूलरमुळे होणारी दाबातील तूट वजा केली तरी घनता पावणेदोन पटीवर जाते. दोन लिटरच्या इंजिनात, मिनिटाला ६००० फेऱ्यांवर, याचा अर्थ तो सेकंदाला सुमारे १२ किलोज्यूल, म्हणजे १२ किलोवॉट, उष्णता हवेतून काढून बाहेर फेकत असतो. टर्बोच्या गाडीत इंटरकूलरला इतके मोठे काम आहे, म्हणूनच त्याला बंपरमागची इतकी मोक्याची जागा दिलेली असते.

हाच हिशेब बिनटर्बो इंजिनाला लावून पाहू. सूत्र तेच आहे : येणारी हवा वजा बाहेरची हवा, गुणिले ७० टक्के. पण इथे येणारी हवा हीच बाहेरची हवा आहे. ती कोणी दाबलेली नाही, म्हणून ती तापलेलीही नाही. ३० वजा ३० म्हणजे शून्य, आणि शून्याचे ७० टक्के शून्यच. इंटरकूलर कितीही मोठा, कितीही महाग आणि कितीही सुबक पात्यांचा असला तरी तो एक उष्णता-विनिमयक आहे. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडेच वाहते, आणि बाहेरच्या हवेने थंड होणारे उपकरण आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. दावा करणारे 'थंड करतो' हे क्रियापद वापरतात तेव्हा ही मर्यादा नेमकी गळून पडते. इंटरकूलर थंडी निर्माण करत नाही. दुसऱ्या कुठल्या यंत्राने घातलेली जास्तीची उष्णता तो परत घेतो, आणि बिनटर्बो इंजिनात ती घालणारे यंत्रच नसते.

दाव्याचे जाणकार समर्थक इथे थांबत नाहीत, आणि त्यांचे पुढचे म्हणणे विचारात घेण्याजोगे आहे. ते म्हणतात, बॉनेटखालची हवा बाहेरच्या हवेइतकी थंड नसतेच. हे खरे आहे. इंजिन तापलेले असताना, विशेषतः गाडी हळू चालत असताना, बॉनेटखाली ५०-६० अंश सहज असतात. काही गाड्यांमध्ये, आणि त्याहून अधिक वेळा मालकाने हौसेने बसवलेल्या उघड्या शंकूच्या आकाराच्या फिल्टरमध्ये, इंजिन हीच तापलेली हवा ओढते. मग इंटरकूलरला काढायला काही अंश मिळतात की नाही? मिळतात. तेव्हा दाव्याला सर्वांत अनुकूल अशी परिस्थिती घेऊनच हिशेब करू.

बाहेर ३० अंश आहेत, इंजिन बॉनेटखालची ५० अंशांची हवा ओढते आहे, आणि पुढे बंपरमागे बसवलेला इंटरकूलर फरकाच्या ७० टक्के काढतो. हवा ५० वरून ३६ अंशांवर येते. निरपेक्ष मापाने ३२३ वरून ३०९ केल्विन, घनतेत साडेचार टक्के वाढ, आणि वरचा घातांक लावला तर ताकदीत साधारण २.७ टक्के वाढ. कागदावर हा लाभ आहे. आता तीच गाडी घेऊन इंटरकूलरऐवजी फक्त एक रुंद नळी ग्रिलच्या मागून फिल्टरच्या बंद डब्यापर्यंत आणली, म्हणजे इंजिन मुळात ३० अंशांचीच हवा ओढू लागले, तर ताकदीतली वाढ ३.९ टक्के होते. गरम हवा ओढून मग तिला अर्धवट थंड करण्यापेक्षा मुळातच बाहेरची हवा ओढणे अधिक लाभाचे आहे, हे गणिताशिवायही दिसायला हवे. शिवाय बहुतेक आधुनिक गाड्यांमध्ये ही नळी कारखान्यातूनच असते : बॉनेट उघडून फिल्टरच्या डब्याचे तोंड कुठे जाते ते पाहिले, तर ते बहुधा रेडिएटरच्या वरच्या कडेला, हेडलाइटच्या मागे किंवा फेंडरच्या पोकळीत उघडते. अशा गाडीत ५० अंशांची हवा हे गृहीतकच उरत नाही. चालत्या गाडीत ती बाहेरच्या हवेपेक्षा थोडेच अंश गरम असते. ती जास्त तापते ती त्याच्या पुढे, गरम मॅनिफोल्डमध्ये, आणि तो भाग इंटरकूलरच्या नंतर येतो. त्यावर इंटरकूलरचा काहीच इलाज चालत नाही.

वरच्या २.७ टक्क्यांतून अजून एक रक्कम वजा करायची आहे. इंटरकूलर म्हणजे अरुंद नळ्यांचे जाळे. त्यांच्या आत उष्णता चांगली निघावी म्हणून हवेत खळबळ माजवणाऱ्या दुमडलेल्या पट्ट्या असतात. हवा त्यातून फुकट जात नाही, दाबाची किंमत देऊन जाते. शिवाय इंजिनापासून पुढच्या बंपरपर्यंत आणि परत येणारी नळी, तिची वळणे, दोन्ही टोकांच्या टाक्यांत हवेचे पसरणे आणि पुन्हा आवळणे हे सगळे त्यात मिळवावे लागते. टर्बोच्या इंजिनात अशी पाच टक्के तूट झाली तर टर्बो थोडा अधिक फिरून ती भरून काढतो. कंट्रोल युनिट, म्हणजे इंजिनाचा संगणक, टर्बोने दिलेला दाब मोजूनच वेस्टगेट (टर्बोचा जोर कमी-जास्त करणारी झडप) उघडते वा मिटते. बिनटर्बो इंजिनामागे ढकलणारे कोणी नसते. त्याच्या हाती फक्त वातावरणाचा दाब आहे, समुद्रसपाटीला सुमारे १०१ किलोपास्कल, आणि वाटेत जे गमावले ते कायमचे गमावले. पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे हवेची झडप पूर्ण उघडी असताना, तीन किलोपास्कल तूट धरणे हे इंटरकूलरच्या बाबतीत उदारपणाचेच ठरेल, पण तेवढीच धरू. तीन टक्के दाब म्हणजे, १.२ च्या घातांकाने, ताकदीत सुमारे ३.६ टक्के घट. मिळाले २.७, गेले ३.६.

हा हिशेब गरम हवा ओढणाऱ्या गाडीचा, म्हणजे दाव्याला सर्वांत सोयीचा होता. ज्या गाडीत नळी आधीच बाहेर उघडते, तिथे मिळकतीचा रकाना जवळजवळ रिकामा राहतो आणि खर्चाचा तसाच. अचूकतेसाठी सांगायला हवे की १.२ चा घातांक वातावरणाच्या दाबासाठी दिलेला आहे, नळीतल्या अडथळ्यासाठी नाही. पण दोहोंतला फरक दाव्याच्या विरोधात जातो. वातावरणाचाच दाब कमी असेल तर एक्झॉस्टच्या बाजूलाही पिस्टनला कमी विरोध होतो. अडथळा फक्त आत येणाऱ्या हवेला असेल तर ती सवलत मिळत नाही.

डिझेलच्या जुन्या बिनटर्बो इंजिनांबद्दलही हा दावा केला जातो. त्याच नियमावलीत त्यांच्यासाठी घातांक तापमानाला ०.७ आणि दाबाला १ आहेत. आकडे थोडे सरकतात, पण निष्कर्ष बदलत नाही.

कागदावर न दिसणारी एक गोष्ट वाहतुकीत अडकलेल्या गाडीत दिसते. पुढे बसवलेला इंटरकूलर एसीच्या कंडेन्सरला आणि रेडिएटरला खेटून असतो. गाडी थांबली की समोरून येणारा वारा थांबतो, रेडिएटरमधून निघालेली गरम हवा खालून-बाजूने वळून पुन्हा पुढे येते, आणि ॲल्युमिनियमचा तो सगळा गठ्ठा तापतो. टर्बोच्या गाडीत १२५ अंशांच्या हवेला ६० अंशांचा तापलेला इंटरकूलरही थंडच असतो. बिनटर्बो गाडीत मात्र ३०-३५ अंशांच्या हवेला तोच ६० अंशांचा गठ्ठा चक्क तापवतो. सिग्नल सुटल्यावर पुढचे काही क्षण, म्हणजे जिथे जोर हवा असतो नेमके तिथे, इंजिनाला पूर्वीपेक्षा गरम हवा मिळते. शिवाय रेडिएटरच्या वाटेतही आता एक जादा अडथळा असतो. इंटरकूलर इंजिनावर आडवा ठेवला तर परिस्थिती याहून वाईट होते.

'सिलिंडरमध्येही हवा दाबली जातेच' हा मुद्दा फार वेळ घेण्याजोगा नाही. दहास एक अशा दाबप्रमाणाच्या पेट्रोल इंजिनात दाबण्याच्या अखेरीस मिश्रण साधारण ३०० ते ४५० अंशांवर पोहोचते हे खरे, पण तोवर व्हॉल्व्ह मिटलेले असतात आणि इंटरकूलर दाराबाहेर असतो. नॉकिंगचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. आत येणारी हवा जितकी गरम, तितके हे शेवटचे तापमान चढते आणि मिश्रण स्वतःहून पेटण्याचा धोका वाढतो, हे बरोबर आहे. कडक उन्हात कंट्रोल युनिट स्पार्क थोडा उशिरा देते आणि गाडी मंद वाटते, हाही खरा अनुभव आहे. पण आत येणारी हवा ज्या दोन-चार अंशांनी थंड होण्याची शक्यता आहे, तेवढ्याने हा धोका हटत नाही. त्यावर योग्य ऑक्टेनचे इंधन, साफ दहनकक्ष, नीट चालणारा थर्मोस्टॅट आणि बाहेरून हवा घेणारा बंद डबा हे खरे उपाय आहेत.

मायलेजचा दावा मला सर्वांत अधिक खटकतो, कारण तो सर्वांत अधिक लोकांना मोहात पाडतो आणि त्याला सर्वांत कमी आधार आहे. पेट्रोल गाडी सपाट रस्त्यावर एका वेगाने चालवायला जेवढी ताकद लागते, तेवढ्यापुरतीच हवा आणि तेवढेच इंधन इंजिनाला लागते. हवा दाट झाली तर चालकाचा पाय नकळत थोडा वर येतो, थ्रॉटल थोडा मिटतो, आणि आत तितकीच हवा जाते. उलट अधिक मिटलेल्या थ्रॉटलपलीकडे निर्वात अधिक होतो आणि पिस्टनला हवा ओढण्यासाठी किंचित जास्त श्रम पडतात. म्हणजे कमी भारावर थंड हवेमुळे मायलेज वाढण्याचे कारणच नाही. कार्ब्युरेटरच्या काळात तर अनेक गाड्यांच्या फिल्टरला तापमानावर चालणारी एक झडप असे, जी इंजिन थंड असताना एक्झॉस्ट मॅनिफोल्डभोवतीची गरम हवा मुद्दाम आत घेई. पेट्रोलची वाफ नीट व्हावी आणि कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू नये, हा तिचा उद्देश होता. हवेच्या वाटेतला अडथळा आणि मायलेज यांच्या संबंधाबाबत अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये चाचण्या प्रसिद्ध केल्या. आधुनिक पेट्रोल गाड्यांमध्ये फिल्टर तुंबवला तरी मायलेजवर लक्षणीय परिणाम दिसला नाही, प्रवेग मात्र मंदावला. म्हणून न्यायाने हेही म्हटले पाहिजे की इंटरकूलरमुळे मायलेज फारसे घटणारही नाही. ते जिथे होते तिथेच राहील, आणि पुढे चार-पाच किलोंचे ओझे तेवढे वाढेल.

आता कंपन्यांच्या कंजूषपणाचा मुद्दा. टर्बोच्या गाड्यांनाही सुरुवातीला इंटरकूलर नसे, हे या चर्चेत फारसे कोणी सांगत नाही. १९६२ ची ओल्ड्समोबिल जेटफायर ही पहिल्या टर्बो मोटारींपैकी एक. तिच्यात तापलेल्या हवेवर इलाज म्हणून पाणी आणि मिथेनॉलचे मिश्रण फवारले जाई. १९७५ मध्ये विक्रीस आलेल्या पोर्शे ९११ टर्बोच्या तीन लिटरच्या इंजिनाला इंटरकूलर नव्हता. १९७८ मध्ये इंजिन ३.३ लिटरचे झाले तेव्हा तो मागच्या स्पॉयलरखाली बसवला गेला. याच कंपनीचे पुढचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१५ ची ९११ जीटी३ आरएस ही बिनटर्बो गाडी ९११ टर्बोच्या रुंद बॉडीवर बांधलेली होती. त्या बॉडीच्या मागच्या फेंडरांत दोन्ही बाजूंना हवेसाठी खिडक्या आहेत. टर्बो गाडीत त्या खिडक्यांतून आलेली हवा इंटरकूलरवरून जाते. जीटी३ आरएसमध्ये त्याच खिडक्यांतली हवा फिल्टरमार्गे थेट चार लिटरच्या इंजिनात जाते. जागा तयार होती, हवेची वाट तयार होती, इंटरकूलर शेजारच्याच गाडीसाठी बनत होता आणि गाडी इतकी महाग होती की एका उष्णता-विनिमयकाची किंमत तिच्या हिशेबात दिसलीही नसती. तरीही अभियंत्यांनी तो घातला नाही. ताकदीच्या एकेका टक्क्यासाठी झटणाऱ्या लोकांनी असे केले, तर त्याचे कारण काटकसर असू शकत नाही. वेगाने जाताना त्या खिडक्यांत हवा थोडी दाबली जाते, हाच लाभ त्यांना हवा होता. ताशी २०० किलोमीटरला हा दाब जास्तीत जास्त पावणेदोन किलोपास्कलच्या आसपास भरतो, आणि वाटेत इंटरकूलर असता तर त्यानेच तो गिळला असता.

राहिला डायनोचा आलेख. मी कोणाच्याही प्रामाणिकपणावर शंका घेत नाही. आलेख खरा असू शकतो आणि त्याचा अर्थ चुकीचा लावलेला असू शकतो. इंटरकूलर बसवताना माणूस सहसा फिल्टरही नवा घालतो, मूळची अरुंद नळी काढून रुंद नळी घालतो, आणि हवा घेण्याची जागा बॉनेटखालून पुढे नेतो. वाढ या तिन्हींमुळे होते आणि नाव इंटरकूलरचे होते. डायनोवर बॉनेट उघडा असतो, समोर मोठा पंखा असतो, आणि सकाळची चाचणी व दुपारची चाचणी यांत इंजिनाचे, गिअरबॉक्सच्या तेलाचे आणि टायरचे तापमान वेगळे असते. एक-दोन टक्क्यांचा फरक एवढ्यानेच पडतो. आणखी एक सूक्ष्म गोष्ट अशी की हवेचे तापमान मोजणारा सेन्सर नव्या नळीत दुसऱ्या जागी बसवला गेला तर तो वेगळा आकडा दाखवतो, आणि कंट्रोल युनिट त्यावर विसंबून स्पार्क बदलते. हवा मात्र होती तशीच असते. खात्री करायची तर त्याच दिवशी, त्याच गाडीवर, त्याच फिल्टरसह आणि हवा त्याच जागेहून घेऊन आधी इंटरकूलरशिवाय, मग त्याच्यासह, आणि मग पुन्हा त्याच्याशिवाय अशी चाचणी घ्यायला हवी. तिसरी फेरी पहिलीशी जुळली तरच दुसरीतला फरक इंटरकूलरच्या नावावर टाकता येईल.

बर्फाचे पाणी किंवा एसीच्या शीतकाने थंड होणारा इंटरकूलर हा मात्र वेगळा विषय आहे, कारण त्याला बाहेरच्या तापमानाची मर्यादा लागू होत नाही. २०१८ च्या डॉज चॅलेंजर एसआरटी डेमनमध्ये एसीची यंत्रणा इंटरकूलरचे पाणी थंड करण्यासाठी वळवण्याची सोय होती, पण त्या गाडीचे ६.२ लिटरचे इंजिन सुपरचार्जरचे होते. हेच बिनटर्बोला लावून पाहू. १०० किलोवॉटचे दोन लिटर इंजिन पूर्ण जोरात सेकंदाला सुमारे १०० ग्रॅम हवा घेते. ती ३० वरून १० अंशांवर आणायला दोन किलोवॉटहून थोडे अधिक शीतन लागते, दमट हवेत तिच्यातली वाफ निथळत असल्याने आणखी जास्त. एसीचा कॉम्प्रेसर त्यासाठी इंजिनाकडून किमान एक किलोवॉट घेतो. थंडाव्यामुळे चार किलोवॉट मिळतात, एक कॉम्प्रेसर नेतो आणि उरलेले तीन वर काढलेली दाबातली तूट गिळून टाकते. आधी साठवलेल्या बर्फाने कॉम्प्रेसरचा खर्च वाचतो. काही सेकंदांच्या शर्यतीसाठी आणि मुद्दाम कमी अडथळ्याचा बनवलेला संच असेल तर त्यातून खरोखर थोडा लाभ निघू शकतो. रोजच्या गाडीत तो बर्फ संपला की मागे उरतो तो केवळ अडथळा.

हे सगळे माझ्या शब्दावर मानण्याची गरज नाही. स्टिअरिंगखाली असणाऱ्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातले आकडे वाचण्याच्या जोडणीला) लागणारा साधा स्कॅनर आणि बऱ्याच गाड्यांमध्ये असलेले दोन सेन्सर पुरेसे आहेत. इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवावी आणि मॅनिफोल्डच्या दाबाचा आकडा टिपावा. तो वातावरणाचा दाब असतो. मग सुरक्षित, मोकळ्या चढावर, सोबत्याला आकडे टिपायला बसवून, पूर्ण थ्रॉटलला वरच्या फेऱ्यांत तोच आकडा पाहावा. दोहोंतला फरक म्हणजे गाडीच्या मूळच्या हवेच्या वाटेने घेतलेला कर. तो मोठा असेल तर आधी फिल्टर बदलावा. नंतर गाडी एका वेगाने काही मिनिटे चालवून हवेच्या तापमानाचा आकडा बाहेरच्या तापमानाशी ताडून पाहावा. थांबलेल्या गाडीत सेन्सर स्वतःच तापतो, म्हणून तिथला आकडा धरू नये. बाहेर ३० आणि सेन्सरवर ३४ दिसले, तर इंटरकूलरने काढण्याजोगे जास्तीत जास्त चार अंश आहेत, आणि ७० टक्क्यांच्या हिशेबाने तो त्यातले तीनही पुरते काढणार नाही. तीन अंश म्हणजे निरपेक्ष तापमानाचा एक टक्का, म्हणजेच ताकदीत ०.६ टक्के. तेवढीच ताकद घालवायला अर्धा किलोपास्कल तूट पुरते. सेन्सरवर ५० दिसले, तर फिल्टरच्या डब्याचे तोंड कुठे उघडते ते पाहून, निसटलेली किंवा फाटलेली नळी पुन्हा जागेवर बसवावी. बहुतेक वेळा कामही तिथेच असते.